भयकथेतला क्रूस

भयकादंबऱ्या वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी आपल्या घरांतून सर्वसाधारण समजूत आहे. तीत तथ्य नाही असे नाही. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) ख्रिस्तशरीराची भाकर चुरून, लगद्यात कालवून थडग्याच्या फटी बुजवल्या जातात. आपल्याला ते खटकतेच. तिथे पवित्र वस्तू म्हणजे निव्वळ ताईत.

स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' (१९७५) मला वेगळी वाटते ती याच मुद्द्यावर. (नारायण धारपांची 'लुचाई' हिच्यावरच बेतलेली.) तिच्यातील फादर कॅलाहन हे मद्याच्या आहारी गेलेले धर्मगुरू. त्यांच्या हातातील क्रूस तेजाळतो, तेव्हा रक्तपिपासू बार्लो पकडलेल्या मुलाला सोडतो. पण अट घालतो, की आता क्रूस दूर टाकून केवळ श्रद्धेनिशी समोर ये. कॅलाहन कचरतात आणि ते तेज मावळते. पुढे स्वतःच्याच चर्चचे दारही त्यांना आत घेत नाही. यात क्रूसाची विटंबना झाली, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो मान्य नाही. येथे हरतो तो क्रूस नव्हे, त्याच्याआड लपलेला माणूस.

याउलट विल्यम ब्लॅटीच्या 'द एक्झॉर्सिस्ट'मधील (१९७१) फादर कॅरस. आईच्या मृत्यूनंतर अपराधभावाने पोखरलेले, श्रद्धा डळमळलेले. तरी त्या मुलीसाठी दुरात्म्याला स्वतःच्या अंगावर ओढवून घेतात आणि प्राण देतात. व्यक्तिरेखा म्हणून कॅरस श्रेष्ठ, यात शंका नाही. मात्र त्या पुस्तकातील किळसवाणी वर्णने मी घरातील मुलांच्या हाती देणार नाही. 'सेलम्स लॉट' देईन, निदान कॅलाहनच्या प्रकरणापुरती तरी.