ढसाळांची पक्षांतरे आणि ढसाळांची कविता

नामदेव ढसाळांविषयी आपल्याकडे दोनच प्रकारचे बोलणे चालते. एक शोकसभेतले : कवी मोठा होता, राजकारणात जरा चुकला, ते सोडून द्या. दुसरे कार्यकर्त्यांच्या बैठकीतले : विकला गेला, त्याचे नाव काढू नका. १५ जानेवारी २०१४ रोजी ढसाळ गेले. त्यानंतरही ही दोन्ही वाक्ये जागची हललेली नाहीत. पहिल्याला कवितेपुरता माणूस हवा आहे, दुसऱ्याला शिवीपुरता. वाचण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत.

शिंदखेड्यात पदवीच्या वर्गाला दलित कविता शिकवताना मी फळ्यावर सनावळी मांडली. १९७२, दलित पँथर. राजा ढाले, ज. वि. पवार यांच्यासोबत. त्याच सुमारास 'गोलपिठा'. १९७३, जाहीरनामा. १९७४, फूट. १९७५, आणीबाणी आणि इंदिरा गांधींना पाठिंबा. १९७६, 'प्रियदर्शिनी'. पुढे शिवसेनेशी जवळीक, 'सामना'त सदर. १९९९, पद्मश्री. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मंग तो कोना व्हता?" वर्ग हसला. मला हसता आले नाही, कारण उत्तर माझ्याजवळ नव्हते.

कोणी म्हणेल, ढसाळांनी रीतसर पक्षांतर केलेच कुठे? ते तर अखेरपर्यंत स्वतःला पँथरच म्हणवत होते. हा युक्तिवाद वकिली आहे. माणूस कोणाच्या व्यासपीठावर उभा राहतो आणि तिथे उभा राहून कोणाबद्दल गप्प राहतो, यावरून त्याचा पक्ष ठरतो, पावतीपुस्तकावरून नव्हे.

जानेवारी १९७४ जरा नीट पाहू. मध्य मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक होती. जागा रिकामी का झाली? तेथील खासदार रा. धों. भंडारे बिहारचे राज्यपाल झाले म्हणून. हे भंडारे एकेकाळचे रिपब्लिकन नेते, नंतर काँग्रेसवासी. म्हणजे एका पक्षांतराच्या बक्षिसातून ती जागा मोकळी झाली होती. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक. त्यांना शिवसेनेचा पाठिंबा. पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीच्या सभेनंतर वरळी पेटली. १० तारखेच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव ठार झाला. आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. भंडाऱ्यांच्या वाटेला पँथरने दिलेला तो नकार होता, आणि त्याची किंमत रक्ताने चुकवली गेली. आता ढसाळांची पुढची वाट पाहा : आधी काँग्रेसच्या सर्वोच्च नेत्या, मग शिवसेना. जे दोन पक्ष त्या जानेवारीत एकत्र उभे होते, तेच दोन, एकामागून एक. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही आणि 'विकला गेला' एवढ्यानेही माझे समाधान होत नाही.

कविता आणि राजकारण वेगळे ठेवा, हा सल्ला प्रस्थापित समीक्षेने मोठ्या मायेने दिला. पण तो ढसाळांवरच अन्याय करणारा आहे. हे दोन्ही वेगळे नाही, हाच तर त्यांचा दावा होता. तेव्हा 'गोलपिठा' आणि 'प्रियदर्शिनी' शेजारी ठेवून वाचावेत. 'गोलपिठ्या'त कोणी तारणहार नाही. कामाठीपुऱ्यातली वेश्या, भडवा, भिकारी, हमाल यांच्या गर्दीतच कवी उभा आहे, त्यांच्याच बोलीत बोलतो आहे, आणि वरून कोणी येईल अशी त्याची अपेक्षाही नाही. 'प्रियदर्शिनी'त गर्दी मागे सरते आणि एक व्यक्ती पुढे येते. राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत इशारा दिला होता. त्या इशाऱ्याचा भंग इथे भाषेतच दिसतो. शब्द मोठे होतात, गल्ली दिसेनाशी होते.

मात्र पाप केले की प्रतिभा जाते, असा काही नियम नाही. १९८१ चे 'तुही इयत्ता कंची' आहे, २००५ चे 'मी मारले सूर्याच्या रथाचे सात घोडे' आहे. ज्यांना ढसाळांना शिक्षा झालेली पाहायची आहे, त्यांची ही पुस्तके पंचाईत करतात.

आमच्या धुळे जिल्ह्यात दर ३१ जुलैला लोक लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातात. १९३७ साली बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो आहे. शाळेचे तोंड न पाहिलेला तो माणूस त्या दिवशी मात्र नवा सदरा घाली. तेव्हा बाबासाहेबांचा पक्ष स्वतंत्र मजूर पक्ष होता, १९३६ चा. १९४२ ला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आले. शेवटी रिपब्लिकन पक्षाची कल्पना, जी त्यांच्या मागे १९५७ ला रूपाला आली. पक्ष त्यांनीही बदलले. पण प्रत्येक वेळी परिषद भरली, लेखी भूमिका निघाली, माणसे सोबत होती. ढसाळ गेले ते एकटे.

आणि एकटे का गेले, हा प्रश्न आपल्यावर येतो. रिपब्लिकन पक्षाची शकले आधीच झाली होती. पँथर १९७४ ला फुटली, १९७७ ला ढाल्यांनी ती बरखास्तच केली. खटल्यांचे ओझे ज्याचे त्याने वाहायचे, पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या चुलीचे कोणी बघायचे नाही. ज्या शिवसेनेने नामांतराला विरोध केला, १९८७-८८ ला 'रिडल्स'विरुद्ध रान उठवले, जिच्या सत्तेच्या काळात ११ जुलै १९९७ ला रमाबाईनगरात गोळीबार होऊन दहा माणसे मारली गेली, तिच्याजवळ तुम्ही कसे, असा जाब ढसाळांना विचारायचा तर तो कोणत्या बैठकीत विचारायचा? बोलावणारी संघटनाच उरली नव्हती. मग जाब चहाच्या टपरीवर विचारला गेला, त्यांच्या माघारी.

हे लिहिताना मी काही मोठा शुद्ध नाही. तासिका तत्त्वावर होतो तेव्हा, ज्या पुढाऱ्याला मत देणार नाही त्याच्या सत्कारात मी सूत्रसंचालन केले आहे. नोकरी पक्की व्हायची होती. कोणी जाब विचारला नाही. विचारला असता तर बरे झाले असते, असे आता वाटते.

त्या मुलीला मी दोन्ही पुस्तके वाचून ये म्हणून सांगितले. आमच्या ग्रंथालयात 'गोलपिठा' आहे, 'प्रियदर्शिनी' नाही. मागणीपत्र दिले आहे. ग्रंथपालांनी विचारले, "हे कशाला हवे, सर? हे तर कोणी वाचत नाही."