वल्हांडण : पूर्ण झाले म्हणजे संपले का?

काही वर्षांपूर्वी एक छोटी इंग्रजी पुस्तिका मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. विषय होता लेवीय या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायातील सात सण आणि त्यांचा ख्रिस्ती अर्थ. मांडणी सोपी होती. वल्हांडण म्हणजे ख्रिस्ताचे मरण, बेखमीर भाकरींचा सण म्हणजे त्याचे निष्पाप देह कबरेत असणे, पहिल्या उपजाची पेंढी म्हणजे पुनरुत्थान आणि पन्नासाव्या दिवसाचा सण म्हणजे पवित्र आत्म्याचे उतरणे. वसंतातले हे चार सण ‘पूर्ण झाले’. शरदातले तीन, म्हणजे कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण, ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्यात ‘पूर्ण व्हायचे’ आहेत. पानागणिक येणाऱ्या या ‘पूर्ण’ शब्दाशी माझे काम अडखळू लागले. काम पूर्ण झाले की संपते. घडा पूर्ण भरला की तो मात्र तिथेच असतो, आता पाण्यासकट. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे. पुस्तिकेला यांतला कोणता अर्थ हवा होता?

हा प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. गेली जवळपास दोन हजार वर्षे ख्रिस्ती परंपरा इब्री सण वाचते आहे, आणि त्या वाचनाची बरीवाईट फळे याच एका शब्दावर लटकलेली आहेत.

सुरुवात सणाच्या नावापासून करू. ‘पेसाह’ या इब्री शब्दाच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा नेमका अर्थ काय, यावर एकमत नाही. ओलांडून जाणे हा एक अर्थ. त्याच अक्षरांचे क्रियापद बाल देवाच्या संदेष्ट्यांच्या वेदीभोवतीच्या लंगडत्या नाचासाठीही येते. निर्गमाच्या बाराव्या अध्यायाचे जुने ग्रीक भाषांतर काही ठिकाणी ‘मी तुम्हांला आडोसा देईन’ अशा अर्थाचा शब्द वापरते. देव रक्त लावलेल्या दाराला वगळून पुढे गेला, की त्या दाराशी पाखर घालून उभा राहिला? चित्र पालटते, आणि देवाचा स्वभावही पालटतो.

पुढे हा शब्द अरामी उच्चारातून ग्रीकमध्ये ‘पास्खा’ म्हणून गेला, आणि ग्रीक कानांना त्यात ‘पास्खेइन’, म्हणजे सोसणे, ऐकू आले. व्युत्पत्ती चुकीची, पण इतकी सोयीची की तिच्यावर धर्मशास्त्र उभे राहिले : सण म्हणजे ख्रिस्ताचे सोसणे. सिरियाकमध्ये तोच शब्द वेगळ्या ‘स’काराने लिहिला गेला, आणि त्या लेखनात आनंद करणे या अर्थाचा धातू दिसू लागला. ग्रीकांना दुःख ऐकू आले, सिरियाकांना हर्ष. मूळ शब्दाने दोघांपैकी कोणालाही काही सांगितले नव्हते.

भारतीय भाषांनीही आपापले निर्णय घेतले. मल्याळममध्ये सिरियाक वळणाचा ‘पेसहा’ आहे, तमिळमध्ये ‘पस्का’, हिंदी बायबलात ‘फसह’. या भाषांनी ध्वनी उचलला. बंगालीने ‘निस्तारपर्व’ म्हणून परिणाम सांगितला : सुटका. मराठीने ‘वल्हांडण’ निवडले. ‘ओलांडणे’चे हे जुने भावंड. विल्यम टिंडेलने 1530च्या आपल्या भाषांतरात इंग्रजीसाठी शब्द घडवला, त्याच जातीचा हा निर्णय : ध्वनी सोडून क्रिया पकडायची. आज हा शब्द बायबलाबाहेर क्वचितच भेटतो, म्हणून तो जणू खास या सणासाठीच राखलेला वाटतो. मराठीत ‘उंबरठा ओलांडणे’ म्हणजे आत येणे किंवा बाहेर जाणे, आणि ‘घर ओलांडणे’ म्हणजे न थांबता पुढे जाणे. निर्गमाच्या त्या रात्री दोन्ही घडते. संहारक घर ओलांडतो म्हणून सकाळी माणसे उंबरठा ओलांडू शकतात. अनुवादकाला असे दान रोज पडत नाही.

मात्र या सणाचे मराठी नाव बायबलाच्या भाषांतराआधीपासून होते, हे आपण विसरतो. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने आपल्या सणांना स्वतःची नावे दिली होती. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजाच्या इतिहासात ती नोंदवली आहेत. वर्षारंभाला नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारे लावून घेण्यावरून दारफळणीचा सण, शरदातल्या आणखी एका सणाला खिरीचा सण. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाचे नाव वालाच्या बिरड्यावरून पडले. वल्हांडणाचे नाव आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्यावरून आले. मिसर नाही, मोशे नाही, समुद्र नाही. एक भांडे आणि त्यावरचे झाकण. पण आंबवलेले काही घरात चालायचे नाही, हा सणाचा कणा त्या भांड्याने सांभाळला. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी या समाजाला मराठी बायबल आणि इब्री व्याकरण दिले. समाजाने विद्या घेतली, धर्मांतर बहुतेकांनी नाकारले. 1846 साली मुंबईत आणि 1874 साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा इब्री-मराठी छापली गेली. ज्यांच्या पूर्ततेची वार्ता मिशनरी सांगत होते, ते सण मराठीत जिवंत होते आणि स्वतःची पुस्तके छापत होते. सणांच्या ख्रिस्ती वाचनाबद्दल मराठीत लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे.

आता त्या वाचनाकडे वळू. नव्या करारातच त्याची बीजे आहेत, आणि ती एकाच वाणाची नाहीत. पौल करिंथकरांना लिहिताना ख्रिस्ताला आपले वल्हांडण म्हणतो आणि पुनरुत्थानाला प्रथमफळ. गलतीकरांवर तो दिवस आणि महिने पाळण्यावरून रागावतो. रोमकरांना मात्र सांगतो की एखादा दिवस मानणे न मानणे ज्याच्या त्याच्या मनाच्या खात्रीवर सोडा. कलस्सैकरांस पत्रात सण ही येणाऱ्या गोष्टींची छाया आहे आणि शरीर ख्रिस्ताचे. शुभवर्तमानेही परस्परांशी जुळत नाहीत. मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन. योहानात भोजन आदल्या दिवशी होते आणि कोकरे कापली जातात त्या दिवशी येशू मरतो. पहिल्या तिघांत येशू सण साजरा करणारा यजमान, चौथ्यात सणाचे कोकरू. दोन्ही बाजू एकाच ग्रंथात बांधणाऱ्यांनी हा भेद पुसला नाही, हे साहित्याचा वाचक म्हणून मला मोलाचे वाटते.

भेद पुसण्याची घाई नंतरची. दुसऱ्या शतकात सार्दिस येथील मेलितो याने वल्हांडणावर प्रवचन रचले. 1940मध्ये कॅम्पबेल बॉनर यांनी त्याची संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा एक हरवलेली गद्यकविताच सापडली. लय, अनुप्रास, विरोध यांवरची त्याची हुकमत पाहून थक्क व्हायला होते. मेलितो यहुदी पंचांगाप्रमाणे निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशीच सण पाळणाऱ्यांपैकी होता. दिवस त्याला त्यांचाच हवा होता. पण त्याचा मुख्य दृष्टांत शिल्पकाराचा आहे : मोठी मूर्ती घडवण्याआधी मेण, माती किंवा लाकडाचा नमुना करतात, आणि मूर्ती झाली की नमुन्याला किंमत उरत नाही. तो मोडून टाकला तरी चालतो. इस्राएल हा नमुना, चर्च ही मूर्ती. प्रवचनाचा शेवटचा भाग नमुन्याच्या निरुपयोगीपणावरून थेट इस्राएलने देवाला मारले या आरोपावर जातो. हा आरोप इतक्या उघडपणे करणारी ही सर्वांत जुनी ज्ञात संहितांपैकी एक. रचना सुंदर आहे आणि तिचा शेवट भयंकर आहे. मला हे दोन वेगळे करता येत नाहीत, कारण भयंकर भाग त्या सुंदर दृष्टांतातूनच तर्काने निघतो.

325 साली निकाया येथे पुनरुत्थानाचा सण यहुदी गणनेवर अवलंबून ठेवायचा नाही असे ठरले. 386मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्तम व्यासपीठावरून संतापला, कारण त्याचे ख्रिस्ती शरदातल्या सणांना सभास्थानात जात होते. त्याच्या शब्दांतला विखार पुढच्या शतकांना पुरला. पण त्याच प्रवचनांतून हेही कळते, की पूर्ततेचा सिद्धांत साडेतीनशे वर्षे ऐकूनही सामान्य माणसांना कर्ण्यांचा आवाज ऐकायला जावेसे वाटत होते.

दुसरे वाचन शक्य आहे, हे एरिक आउअरबाख या भाषाशास्त्रज्ञाने दाखवले. यहुदी म्हणून 1935मध्ये मारबुर्ग विद्यापीठातील पद गमावून ते इस्तंबूलला गेले आणि 1938मध्ये ‘फिगुरा’ हा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे : रूपक आणि ‘फिगुरा’ एक नव्हेत. रूपकात पहिली वस्तू केवळ चिन्ह असते. फिगुरात दोन्ही घटना इतिहासात खऱ्या घडलेल्या असतात. दुसरी पहिलीला अर्थ देते, पण पहिलीचे वास्तव विरघळवत नाही. जर्मनीतले काही ख्रिस्ती लोक जुना करारच धर्मातून वगळू पाहत असताना एका निर्वासित यहुद्याने ख्रिस्ती वाचनपद्धतीतला हा प्रामाणिक धागा शोधून दाखवला. मेलितोचा नमुना आउअरबाखकडे मोडला जात नाही. आपल्याकडे ओटी भरतात. ओटी भरली म्हणून पदर टाकून देत नाही. तो खोचून घेतो.

हा फरक हाती घेऊन मी पुस्तिकेकडे परतले तेव्हा एक गोष्ट दिसली. लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायात वसंतातले सण बाविसाव्या वचनाआधी संपतात आणि शरदातले चोविसाव्यापासून सुरू होतात. पुस्तिकेने मधल्या उन्हाळ्याला चर्चचा काळ म्हटले होते आणि लगेच कर्ण्यांकडे उडी घेतली होती. पण मध्ये बाविसावे वचन आहे. कापणी करताना शेताच्या कडा कापू नका, गळलेली कणसे वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा, असे ते सांगते. सणांच्या यादीत हा नियम उपरा वाटतो, म्हणून पुस्तिकेने तो वल्हांडला. माझ्या मते तो अध्यायाचा गाभा आहे. सप्ताहांच्या सणाला यहुदी परंपरेत रूथचे पुस्तक वाचतात. ती परकी विधवा याच सोडलेल्या धान्यावर जगली. ज्या वाचनात सगळे सण भविष्याचे वेळापत्रक होतात, त्या वाचनात शेताच्या कडेला उभ्या असलेल्या बाईला जागा उरत नाही.

पाळण्याचा प्रश्न यालाच जोडून येतो. आज अनेक चर्चमध्ये वल्हांडणाचे भोजन मांडले जाते, हग्गादेतले प्रश्न विचारले जातात, मोडून लपवलेल्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर दाखवले जाते. 1980पासून दर शरदात हजारो ख्रिस्ती मांडवांच्या सणासाठी यरुशलेमला जमतात. हेतूवर मला शंका नाही. या भोजनांची गृहीतके मात्र तपासायला हवीत. आजचा विधी येशूने केला होता असे समजून तो केला जातो, पण त्याचे रूप इसवी सन 70मध्ये मंदिर पडल्यानंतर घडत गेले. कोकरू अर्पण करता येईना, तेव्हा रब्बींनी ते शब्दांत मांडले. म्हणजे हग्गादा हीसुद्धा एक उत्तरकालीन पूर्तता आहे, सुवार्तेची समकालीन आणि तिची प्रतिस्पर्धी. एका कुटुंबाने संकटात घडवलेली प्रार्थना उचलून तिच्यात आपला अर्थ आधीपासून होता असे त्याच कुटुंबाला सांगणे, हे पाहुण्याचे वागणे नव्हे.

याउलट केरळच्या सिरियन ख्रिस्ती घरांतले पेसहा अप्पम पाहा. पुनरुत्थानाआधीच्या गुरुवारी रात्री यीस्ट न घालता तांदूळ-उडदाचा अप्पम होतो, त्यावर झावळ्यांच्या रविवारच्या पानाचा क्रूस ठेवतात. घरातला वडीलधारा तो मोडून गुळाच्या नारळीदुधाबरोबर सर्वांना देतो. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला तिथे अप्पम करत नाहीत, शेजारी आणून देतात. इथे कोणी यहुदी असल्याचा आव आणत नाही. सणाचे नाव जुने, अर्थ ख्रिस्ती, पीठ मलबारचे, आणि ज्याच्याकडे नाही त्याला देण्याची सोय विधीतच. बाविसावे वचन इथे कोणी समजावून सांगत नाही, ते ताटात येते.

पुस्तिका मी लिहिल्याप्रमाणे अनुवादित केली. ते माझे काम होते. ‘पूर्ण झाले’ जिथे जिथे आले, तिथे शक्य तेव्हा ‘भरून पावले’ असे लिहिले. सोबत एक चिठ्ठी जोडली, की बाविसावे वचन गाळू नये. छापलेल्या प्रतीत ‘भरून पावले’ जसेच्या तसे राहिले होते. बाविसावे वचन आले नाही.