सस्पेन्सला टाकलेला सिनेमा

हिशेब तपासणाऱ्यांच्या जगात दोन जाती आहेत. पहिली, चोर सापडावा म्हणून तपासणाऱ्यांची. यांना ऑडिटर म्हणतात आणि चहाबरोबर बिस्किटं देतात. दुसरी, खातं आपलं आहे म्हणून तपासणाऱ्यांची. हे लोक पासबुकातल्या तीस पैशांच्या फरकासाठी काउंटरवर अर्धा तास उभे राहतात, आणि फरक सापडला की मुलगी चांगल्या घरी पडल्यासारख्या समाधानानं परत जातात. विज्ञानपटातल्या कथानकाची भोकं मोजणारे चाहते या दुसऱ्या जातीचे. ज्याला सिनेमा आवडत नाही तो मध्यंतरात बाहेर पडून रिक्षा शोधतो. भोकं मोजायची तर सिनेमा निदान पाचदा पाहावा लागतो. एवढी चिकाटी निव्वळ द्वेषाला झेपत नाही.

या पंथाचे दोन कट्टर अनुयायी आमच्या नात्यातच आहेत. एक आमचे मेहुणे आणि दुसरे त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचा भाचा. दैवत एकच, 'स्टार ट्रेक'. पण बाप जुन्या मूर्तीचा आणि मुलगा नव्या. ज्यांना हे दैवत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं पुराण सांगतो. अमेरिकेत १९६६ साली ही मालिका टीव्हीवर सुरू झाली, १९६९ साली बंद पडली, आणि बंद पडल्यावर खरी चालायला लागली. 'एंटरप्राइझ' नावाचं अवकाशयान, कॅप्टन कर्क, आणि टोकदार कानांचा, भावनांना थारा न देणारा स्पॉक. २००९ साली जे. जे. एब्रम्स या दिग्दर्शकानं ही जुनी पेढी नवी पाटी लावून पुन्हा उघडली. कर्क नवा, स्पॉक नवा, यानही नवं. जुनी गिऱ्हाइकं बिथरू नयेत म्हणून युक्ती अशी केली की, नीरो नावाचा एक सूडानं पेटलेला इसम भविष्यातून भूतकाळात येतो, घोटाळा करतो, आणि तिथून इतिहासाला दुसरा फाटा फुटतो. म्हणजे जुनं लेजर फाडलं नाही, त्याच्याशेजारी नवं उघडलं. वर साक्षीदाराची सही म्हणून मूळ स्पॉक, लिओनार्ड निमॉय, यांना म्हातारा स्पॉक म्हणून आणून बसवलं.

इतकी चोख व्यवस्था केल्यावर कुणाची तक्रार असू नये. पण गौरीच्या जेवणाला ताटं मांडेपर्यंत वेळ असतो, आणि मेहुण्यांकडे यादी असते.

"अरे, एक तारा फुटतो आणि अख्ख्या आकाशगंगेला धोका? आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे! तारा फुटला तर आसपासच्या काही प्रकाशवर्षांत हाहाकार होईल. पलीकडच्या टोकाला बातमीसुद्धा हजारो वर्षांनी पोचेल."

"बाबा, तो साधा तारा नव्हता."

"मग कसला होता? भरजरी?"

भाच्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. सिनेमात नव्हता, तो खुलासा बाहेर मिळतो. सिनेमाच्या आधीची हकीकत सांगणारं चित्रकथांचं एक पुस्तक २००९ सालीच निघालं होतं. पुढे २०२० साली आलेल्या 'पिकार्ड' या मालिकेत फुटलेला तारा हा नीरोच्या ग्रहाचा स्वतःचाच सूर्य होता, असं ठरवून टाकलं. ऑडिटच्या शेऱ्याला अकरा वर्षांनी उत्तर आलं. आमच्याकडेही एखाद्या शाखेतून एवढाच वेळ लागतो, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही.

मग निघाला लाल पदार्थ. सिनेमात याला रेड मॅटर म्हणतात. त्याचा एक थेंब टाकला की कृष्णविवर तयार. हेच विवर एका प्रसंगी फुटणारा तारा गिळतं, दुसऱ्या प्रसंगी ग्रह गिळतं, आणि तिसऱ्या प्रसंगी माणसांना न चावता अलगद दीडशे वर्षं मागे नेऊन सोडतं. एकाच थेंबाचे हे तीन गुण कसे, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ उभा राहत नाही. शिवाय ग्रह गिळायला एक थेंब पुरतो तर तो पृष्ठभागावर टाकला तरी चालेल की! त्यासाठी अंतराळातून भलामोठा ड्रिल लोंबकळत सोडून ग्रहाच्या गाभ्यापर्यंत भोक पाडण्याचा खटाटोप कशाला? आणि स्पॉकचा व्हल्कन हा ग्रह सगळा पंडितांचा. त्यातल्या एकालाही तो लोंबता ड्रिल तोडण्याची बुद्धी होऊ नये? नीरोच्या यानाचं इंग्रजी नाव मेहुण्यांनी सरळ 'नारद' असं वाचलं. भाचा म्हणाला, "नराडा." मी मेहुण्यांच्या बाजूनं. जिथं जाईल तिथं कळ लावणाऱ्या यानाला दुसरं नाव शोभलंही नसतं.

इथं मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बँकेत संध्याकाळी आकडे जुळले नाहीत आणि फरक कुठला हे कळेना, तर तो तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकतात आणि लोक घरी जातात. विज्ञानपटात प्रेक्षक हेच करतो. काळातून प्रवास? टाका सस्पेन्सला. लाल पदार्थ? टाका. ज्या हिमग्रहावर कर्कला फेकून देतात, त्याच ग्रहावर, त्याच परिसरात, त्याच गुहेत म्हातारा स्पॉक शेकोटी पेटवून बसलेला? आणि तिथून पायी जाण्याच्या अंतरावर यानाचा भावी इंजिनियर? हं… टाका, पण पेन्सिलीनं. सस्पेन्स खातं वाईट नसतं. फक्त ते वर्षअखेर मिटवावं लागतं, आणि सिनेमाची वर्षअखेर दोन तासांनी येते. म्हणून कथानकात भोक आहे की नाही, हा प्रश्नच मला गौण वाटतो. उधार घेतलेला विश्वास कुठल्या नाण्यात परत केला, ते पाहावं.

या कसोटीवर मेहुण्यांची निम्मी यादी बाद होते. थेंब, तारा, ड्रिल ही सगळी यंत्रांची भोकं. ती असोत. माणसांची भोकं मात्र झोंबतात. नीरोचंच पाहा. त्याचं घरदार, बायको, सगळा ग्रह त्या ताऱ्याच्या स्फोटात गेला. नियतीनं त्याला उचलून सन २२३३ मध्ये टाकलं. तारा फुटणार २३८७ साली. म्हणजे आपलं घर जळणार हे या मनुष्याला तब्बल १५४ वर्षं आधी कळलंय! आपल्याकडे पाणी दोन तास जाणार कळलं तर माणूस बादल्या भरतो. हा काय करतो? घरी जाऊन "पळा" असं सांगत नाही. पंचवीस वर्षं स्पॉकची वाट बघत बसतो आणि मग दुसऱ्यांची घरं जाळत सुटतो. त्या पंचवीस वर्षांत तो क्लिंगॉन लोकांच्या तुरुंगात होता, असे प्रसंग चित्रित केले होते, पण कापले, असं भाचा सांगतो. कापलेल्या फिल्मवर वटणारा चेक मी अजून पाहिलेला नाही. आणि तुरुंगानं पंचवीस वर्षांचा हिशेब लागतो, बायकोचा लागत नाही.

दुसरं भोक कर्कच्या बढतीचं. हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो, तो वाचकांनी वयावर घालावा. हा कर्क अकादमीतला विद्यार्थी. परीक्षेत फेरफार केल्याबद्दल त्याची चौकशी सुरू. यानावर येतो तो डॉक्टर मित्रानं टोचून आजारी पाडल्यामुळे, चोरवाटेनं. आणि सिनेमा संपतो तेव्हा हा एंटरप्राइझचा कॅप्टन! छातीवर पदक! अहो, खातेनिहाय चौकशी चालू असेल तर आमच्याकडे बढतीचा निकाल सीलबंद पाकिटात ठेवतात. सीएआयआयबीचे दोन्ही भाग, आडगावातली तीन वर्षं, सीनियॉरिटीच्या यादीवरचे आक्षेप, यांतून गेल्यावर माणूस कुठं केबिनमध्ये बसतो. जुन्या मालिकेतला कर्क खुर्चीत बसला तेव्हा त्याच्यामागे वर्षानुवर्षांची नोकरी होती. म्हणून त्याच्या निर्णयाला वजन होतं. नव्याचं वजन पोस्टरवरून आलंय.

"पण काका, आणीबाणी होती ना!" भाचा म्हणाला. आणीबाणीत हंगामी चार्ज देतात रे. कायम करत नाहीत.

आणि तरीही हा सिनेमा मी तीनदा पाहिलाय. याचं कारण त्यातली पहिली दहाबारा मिनिटं. 'केल्विन' नावाचं यान बुडतंय. कर्कचा बाप कॅप्टन होऊन बारा मिनिटं झालीत. आठशे माणसं वाचवायला तो एकटा मागं राहिलाय, आणि तिकडे निघून चाललेल्या छोट्या यानात त्याची बायको बाळंत होतेय. दोघं वायरलेसवर मुलाचं नाव ठरवतात, आणि आवाज बंद होतो. त्या वेळी नीरोचं यान कुठल्या भोकातून आलं हे विचारण्याचं भान कुणाला राहत नाही. मेहुणेसुद्धा चष्मा पुसतात आणि पंख्याला दोष देतात. सस्पेन्सचा सगळा आकडा तिथं एकरकमी मिटतो, वर थोडी शिल्लक राहते. पुढचा पाऊणएक तास सिनेमा त्या शिलकीवरच चालतो.

२०१३ साली आलेल्या दुसऱ्या भागात ही शिल्लक उडवली. त्यात कर्क मरतो, आपण गहिवरतो, आणि खान नावाच्या अतिमानवाचं रक्त टोचल्यावर थोड्याच वेळात उठून बसतो. त्याहून कहर म्हणजे ते रक्त मिळवायला स्पॉक पळत्या खानाचा शहरभर पाठलाग करतो. खानाच्याच जातकुळीतली बहात्तर माणसं गोठवलेल्या पेट्यांत यानावरच आहेत! त्यातल्याच एकाला बाहेर काढून त्या पेटीत कर्कला ठेवलेलं असतं. बहात्तर बाटल्या फडताळात असताना औषधासाठी गावभर धावण्याचा हा प्रकार भाच्यालाही सस्पेन्सला टाकता आला नाही. तो गप्प बसला आणि पुरणपोळीवर तूप जास्त घेतलं.

त्याच वर्षी लास व्हेगासला चाहत्यांचा मेळावा भरला. तिथं जमलेल्यांनी सगळ्या 'स्टार ट्रेक' सिनेमांची क्रमवारी लावली आणि हा सिनेमा तळाला टाकला. पहिला नंबर दिला १९८२ सालच्या 'द रॅथ ऑफ खान'ला. मेहुण्यांनी हे मला विजयी मुद्रेनं सांगितलं. आता या १९८२ च्या सिनेमात खान चेकॉव्हला पाहताक्षणी ओळखतो. ओळखणार कसा? जुन्या मालिकेत खानाचा भाग १९६७ च्या फेब्रुवारीत झाला, आणि चेकॉव्हचं पात्र मालिकेत आलं ते त्या वर्षीच्या शरदात! मेहुण्यांना हे ठाऊक आहे. "तो तेव्हा यानावरच असणार, आपल्याला दिसला नाही इतकंच," असं ते म्हणतात. हीच सवलत ते चिरंजीवांच्या सिनेमाला द्यायला तयार नाहीत. १९६६ च्या एका भागात कर्कच्या थडग्यावर त्याच्या नावातलं मधलं अक्षरच चुकलंय, टी ऐवजी आर. त्यावर मेहुणे नुसतं हसतात. आजोबांच्या विसराळूपणाला हसावं तसं.

आणि क्लिंगॉनांची कपाळं! १९६६ च्या मालिकेत ती तुमच्याआमच्यासारखी सपाट होती. १९७९ च्या सिनेमात पैसा आला आणि कपाळांवर वळ्या आल्या. का आल्या, हे सतरा वर्षं कुणी सांगेना. शेवटी १९९६ साली एका भागात जुने सपाट आणि नवे वळीवाले समोरासमोर आले, तेव्हा एका क्लिंगॉनाला विचारलंच. तो एवढंच म्हणाला की, आमच्यात बाहेरच्यांपुढे हा विषय काढत नाहीत. मेहुणे आणि भाचा दोघंही हा भाग एकत्र बसून पाहतात आणि या वाक्याला एकदमच हसतात. २००५ साली त्या कपाळांचं कारण विषाणू म्हणून जाहीर झालं. तो खुलासा दोघांनाही पसंत नाही.