विषाचा आहेर

थॉमस आयस्नर यांचे ‘फॉर लव्ह ऑफ इन्सेक्ट्स’ (२००३) हे कीटकांवरचे पुस्तक आहे, पण त्यातली कँथरिडिनची हकिगत मला उत्तम कथेसारखी वाटते. कँथरिडिन म्हणजे ‘स्पॅनिश फ्लाय’ या हिरव्या भुंगेऱ्यातले, त्वचेवर फोड आणणारे विष. पिएर रोबिके यांनी ते १८१० मध्ये वेगळे केले. आपल्याकडे तुरीच्या फुलांवर बसणाऱ्या काळ्या-नारंगी भुंगेऱ्यांतही ते असते.

या कथेची नायिका मात्र हे विष स्वतः न बनवणारी, निओपायरोक्रोआ नावाच्या भुंगेऱ्याची मादी आहे. मीलनापूर्वी ती नराचे डोके धरते आणि त्याच्या कपाळावरच्या खाचेतला स्राव चाखते. त्यात कँथरिडिन नसेल, तर ती त्याला बहुधा झिडकारते. प्रयोगशाळेत नरांना कँथरिडिन खाऊ घातले, तेव्हा तिने त्यांना स्वीकारले. कपाळावरचा थेंब हा केवळ नमुना असतो. खरा आहेर मीलनाच्या वेळी वीर्यासोबत येतो. मादी तो अंड्यांत उतरवते आणि शिकारी कीटक त्या अंड्यांपासून दूर राहतात.

आयस्नर यांच्या प्रयोगांचे सौंदर्य त्यांच्या क्रमात आहे. मादी काय चाखते, का चाखते, चाखलेले पुढे कुठे जाते? एका प्रश्नाचे उत्तर पुढच्या प्रश्नाला जन्म देते आणि वाचक त्या साखळीत ओढला जातो. तेच रेणू नराची पात्रता ठरवतात आणि पिलांचे कवच होतात. कीटकाला माणसाच्या भावना न चिकटवताही त्याच्याविषयी जिव्हाळा वाटायला लावणे, हे या लेखनाचे मोठेपण.

ही हकिगत वाचल्यावर या विषाचा औषधी उपयोगही नव्याने समजतो. कामोत्तेजक समजून ते पोटात घेणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, काहींचे प्राण गेले. त्वचेवर मात्र ते पेशींना जोडणारे बंध सैल करते. फोड वरच्या थरातच येतो, त्यामुळे सहसा व्रण राहत नाही. मोलस्कम या विषाणूजन्य पुळ्यांवर डॉक्टर ०.७ टक्के द्रावण लावतात आणि ते २४ तासांनी धुवायचे असते. अमेरिकेत या औषधाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

विष आणि औषध यांतली रेषा मात्रा आणि जागा ठरवतात, हे आपण ऐकलेले असते. आयस्नर ते एका भुंगेऱ्याच्या कपाळावर दाखवतात. विज्ञानलेखन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावे.