चेहऱ्याचा खेळ

स्विस चित्रकार टोबियास गुटमान याने २०१२ साली आरंभिलेला ‘फेस-ओ-मॅट’ हा उपक्रम प्रथमदर्शनी जत्रेतील करमणुकीसारखा वाटतो. एक पेटीवजा यंत्र मांडलेले असते. वाटसरूने त्यासमोर बसावे, नाणे टाकावे, खुंट्या फिरवून आपली आवड कळवावी आणि काही मिनिटांनी आपले चित्र हाती घ्यावे. गंमत ही की, या यंत्रात यंत्र मुळीच नाही. आत खुद्द चित्रकार बसून रेघा व आकार काढीत असतो.

या विनोदाची खुमारी कळण्यास दोन पूर्वजांचे स्मरण केले पाहिजे. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडातच झाके-द्रो या घड्याळजी घराण्याने चित्र काढणारी कळसूत्री बाहुली घडविली. ती पंधराव्या लुईचा चेहरा रेखाटते, व न्यूशातेलच्या संग्रहालयात आजही आहे. पुढे १९२५ साली अनातोल जोसेफो याने न्यूयॉर्कात २५ सेंटांत ८ छायाचित्रे देणारी पेटी उभारली. तेव्हा यंत्राने माणसाचे काम उचलले. आता माणसाने यंत्राचे सोंग घेतले आहे.

हे सोंग निरर्थक नव्हे. पॅरिसच्या प्लास द्यु तेर्त्र चौकातील चित्रकारापुढे बसणारा मनुष्य सावरून बसतो, आणि चित्रकारासही थोडी खुशामत करावीच लागते. कारण गिऱ्हाईक पैसे मोजते ते सादृश्यासाठी. खेळ म्हटला की हा उभयपक्षी संकोच गळून पडतो.

यशोधराने सांगितलेल्या चित्राच्या षडंगांत सादृश्य आहे, तसा भावही आहे. गुटमानने पहिल्याचा त्याग करून दुसऱ्याचा शोध घेतला. तो त्यास साधला काय? आमच्या मते, अर्धाच. चित्र घरी नेऊन भिंतीवर लावले, तर तिऱ्हाइतास त्यातील मनुष्य ओळखू येणे कठीण. रेषेस चेहऱ्यात शिरण्याइतकी सवडच मिळत नाही. एका भेटीची पावती, एवढीच त्याची योग्यता उरते.

परंतु पावतीलाही मोल असते. आज क्षणार्धात हवा तसा चेहरा काढून देणारी खरीखुरी यंत्रे घरोघर पोहोचली आहेत. त्यांच्या चित्रांत सफाई आहे, पण चित्र निघत असता कोणी आपल्याकडे पाहिले, हे समाधान त्यांत नाही. गुटमानच्या खोट्या यंत्रापुढे बसलेल्या अनोळखी माणसास ते काही मिनिटे तरी लाभते. चित्रकला म्हणून ही कृती दुबळी आहे, हे निःसंकोचपणे म्हणावे. पण चित्रकलेचा उगम ज्या निरखून पाहण्यात आहे, त्याची आठवण तिने भर रस्त्यात करून दिली, हेही तितक्याच मोकळेपणाने मान्य करावे.