तुसाची उष्मावाहकता : कोणता आकडा खरा?

प्रयोगपुस्तिकांत दुर्वाहकांसाठी ‘लीची तबकडी’ असते. (शास्त्रज्ञाचे नाव खरे तर लीज.) काच, एबोनाइट यांना ती ठीक, थर्मोकोल किंवा मावळातल्या भाताच्या तुसाला नव्हे. थर्मोकोलची वाहकता जेमतेम ०.०३५ वॅट प्रति मीटर केल्विन, स्थिर हवेहून थोडीच जास्त. आरपार जाणारी उष्णता इतकी अल्प, की कडेची गळती तिला भारी पडते. पुस्तिका ती गळती धरतच नाही. प्रयोगशाळेत म्हणूनच तापपट्टीभोवती त्याच तापमानाचे संरक्षक कडे ठेवतात.

दुसरी उणीव मोठी. पाण्याची वाहकता ०.६, हवेच्या वीसपटींहून अधिक. लोणावळ्यातले जुलैचे तूस आणि मेमधले तूस एकच कसे? तरीही पुस्तिकेत आकडा एकच. विद्यार्थी तो येईपर्यंत नोंदी फिरवतो. नमुना वाळवण्यापूर्वीचे व नंतरचे वजन आणि घनता त्याच्याकडून अवश्य लिहून घ्यावी.