दिवंगत लेखकाचें दप्तर व संकेतस्थळ

लेखक निवर्तल्यावर त्याच्या संकेतस्थळाचें काय करावें, हा प्रश्न वरवर नवा भासला तरी दप्तरें धुंडाळणारांस तो जुनाच आहे. ज्याच्या घरीं पोथी, तोच मजकुराचा धनी, ही समजूत आपल्यांत आहेच. आतां ज्याच्याजवळ परवलीचा शब्द, तोच संकेतस्थळाचा धनी, असें मानूं लागले आहेत. आमच्या मतें दोन्ही समजुती चुकीच्या होत.

फ्रांत्स काफ्का याच्या दप्तराची हकीकत या कामीं बोधप्रद आहे. काफ्का १९२४ सालीं वारला. कागद जाळावे, ही त्याची लेखी इच्छा मित्र माक्स ब्रोड यानें मोडली व ग्रंथ छापले. कागद राखल्याबद्दल जग ब्रोडचें ऋणी आहे. परंतु छापतांना त्यानें विरामचिन्हें बदललीं, प्रकरणांचा क्रम लाविला, रोजनिश्यांतील कांहीं मजकूर गाळिला. हस्तलिखितांवरून चिकित्सक आवृत्ति निघूं लागली ती १९८२ सालीं. ब्रोड १९६८ सालीं वारल्यावर त्याच्या मृत्युपत्राच्या अर्थावरून वाद माजला, तो इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं मिटविला. रक्षण व संस्करण एकाच हातीं मिसळलें आणि मृत्युपत्र संदिग्ध राहिलें, म्हणजे असें होतें.

आमच्याकडील १९५७ च्या कायद्यान्वयें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें स्वामित्वहक्क चालतो. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्रानें दिलें असतां, विरुद्ध इच्छा नमूद नसल्यास, लेखकाचा हक्कही त्यासवें जातो. संकेतस्थळावरील मजकूर मात्र लेखकानें हयातींतच प्रकट केलेला. त्यास या नियमाचा आधार नाहीं. सबब परवलीचा शब्द मिळाला म्हणून हक्क मिळाला, असें होत नाहीं.

तथापि वारसांचा निर्णय होईपर्यंत स्वस्थ बसणेंही बरें नव्हे. पोथी माळ्यावर शंभर वर्षें तग धरते. संकेतस्थळ वर्षासन थांबतांच नाहींसें होतें. याहू कंपनीनें २००९ सालीं जिओसिटीज बंद केली, तेव्हां इंटरनेट आर्काइव्ह व स्वयंसेवक यांनीं वेळींच उतरून घेतलें म्हणून त्यांतील पुष्कळ लेखन वांचलें.

म्हणून आमचा अभिप्राय असा: प्रथम संकेतस्थळाची जशीच्या तशी, तारीखवार प्रत करून ठेवावी, ती प्रसिद्ध करणें वारसांच्या संमतीवर सोडावें, दुरुस्ती करणें झाल्यास ती निराळी दाखवावी. लेखकांनींही ताबा कोणाकडे व हक्क कोणाकडे, हें मृत्युपत्रांत स्पष्ट लिहावें. एवढी एक ओळ पुढील संशोधकांचे कित्येक श्रम वांचवील.